साखळीच्या लांबीएवढं ऊन

आज सकाळी घराला कुलूप लावून बाहेर पडताना तुम्ही तुमच्या कुत्र्याला कुठं ठेवून आलात, आणि ती जागा कुणाच्या सोयीनं ठरवलीत?

उत्तराची घाई करू नका. मी केली होती. माझं उत्तर तर लेखी होतं. वर ठळक अक्षरांत ‘जाहीर आवाहन’, खाली सही, आणि ते मी आमच्याच घराच्या दाराला खळ लावून चिकटवलं होतं. त्या उत्तरापायी आमची कुत्री कायमची घरातून जायची वेळ आली. ती कशी आली आणि कशी टळली, ते सांगते.

आधी पत्रकांबद्दल सांगायला हवं, कारण थोडा दोष त्यांचाही आहे. कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात बाबा शेती करतात, पण तरुणपणापासून त्यांचा खरा जीव पत्रकांत. दारूबंदी असो, कालव्याचं पाणी असो, शाळेला शिक्षक मिळत नसो, बाबा मजकूर लिहायचे, वसमतला जाऊन छापून आणायचे आणि सायकलवरून गावोगाव वाटायचे. प्रत्येक पत्रकाची एक प्रत घरातल्या पत्र्याच्या पेटीत जायची. मी वाचायला शिकले ती त्या पेटीतून. ‘अ’ अननसाचा हे मला शाळेत कळलं. घरी तो अन्यायाचा होता. आमच्याकडे तोंडी तक्रार चालतच नसे. “लेखी दे,” बाबा म्हणायचे.

नऊ वर्षांची असताना मी माझं पहिलं पत्रक काढलं. रोज सकाळी अंघोळीचं पाणी आईनंच का तापवायचं, असा त्यात सवाल होता. बाबांनी ते मोठ्यानं वाचलं, खाली ‘मान्य’ लिहून सही केली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः चुलीपुढं बसले. सगळं घर धुरानं भरलं. आई खोकत खोकत बाहेर आली आणि म्हणाली, “पोरी, तुझं पत्रक मागं घे. न्याय मिळंपर्यंत मी जित्ती तर ऱ्हायला पायजे ना!”

म्हणजे लिहून प्रश्न सुटतो यावर माझा विश्वास बसला तो असा, आणि लिहिल्यानंतर घरात धूर होतो हे मी विसरले ते त्याच दिवशी.

आता कुत्रीबद्दल. बाबांचे धाकटे भाऊ, माझे काका, आमच्या अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत राहतात. अंगण दोघांचं एकच. कुत्री त्यांनी आणली. एकदा ते वारंगा फाट्यावर चहा पीत उभे होते, तर हॉटेलच्या बाकाखालून एक पिल्लू आलं आणि त्यांच्या पायावर बसलं. पायाजवळ नव्हे, अगदी पायावर, चपलेसकट. काकांनी पाय हलवला, पिल्लू हललं नाही. काकांनी दुसरा चहा मागवला, तोही संपला, पिल्लू तिथंच. शेवटी ते सरकीच्या रिकाम्या पिशवीत घालून घरी आणलं.

“हे काय भाऊजी?” आईनं विचारलं.

“राखणीला आणली, वैनी. चांगल्या जातीची दिसून राहिली.”

जात कसली! तांबूस अंग, एक कान उभा, एक पडलेला, शेपटीच्या टोकाला पांढऱ्या चुन्यात बुडवल्यासारखे चार केस. तिला नाव ठेवायचं राहूनच गेलं. काका ‘ए बाई’ म्हणायचे, आई ‘ए माय’ म्हणायची, आणि ती दोन्हींना यायची. पायावर बसायची सवय मात्र मोठेपणीही गेली नाही. तिला जो माणूस आपला वाटला, त्याच्या पायावर ती येऊन बसायची आणि त्याच्या पायाला मुंग्या येईपर्यंत उठायची नाही.

आमच्याकडे उन्हाळा म्हणजे हळदीचा हंगाम. जमिनीतून खणून काढलेली हळद शिजवायची, अंगणात पसरून कडकडीत वाळवायची आणि मग फिरत्या ढोलात घालून घासून काढायची. शिजलेली हळद वाळायला दोन आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस तिला सावली चालत नाही. सावलीत ती धड वाळत नाही, रंग बिघडतो. म्हणून प्रत्येक घर हळद पसरायला अशी जागा निवडतं, जिथं झाडाची, भिंतीची, कशाचीच सावली पडत नाही. त्याच दिवसांत सगळं घर शेतात असतं. भाव चढलेला असला की अंगणातली हळद पोत्यानं उचलून नेणारेही असतात. मग राखणीला कोण? कुत्रं. ते कुठं बांधायचं? हळदीजवळ. म्हणजे गावातली सगळ्यात कडक उन्हाची जागा आम्ही दरसाल काळजीपूर्वक शोधून काढतो आणि तिथं मेख ठोकून कुत्रं बांधतो. यात कुणाच्या मनात वाईट नसतं. हळदीचा विचार पक्का झालेला असतो, कुत्र्याचा करायचा राहून गेलेला असतो, इतकंच.

दोन वर्षांपूर्वी मी हिंगोलीला शिकत होते. सुट्टीच्या दिवशी घरी आले, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. फाटकातून आत पाऊल टाकलं तर अंगणभर पिवळी हळद आणि तिच्या कडेला, चार हात साखळीच्या टोकाला आमची कुत्री. जीभ बाहेर. पाण्याचं घमेलं उपडं पडलेलं. माझ्याकडे पाहून तिनं शेपटी हलवली, पण उठली नाही. जी कुत्री मला न्यायला फाटकापर्यंत यायची, ती उठली नाही.

मी तिला सोडून घरामागं नेलं, पाणी पाजलं आणि पेटून हिंगोलीला परतले. वाचनालयात बसून सलग पत्रक लिहिलं. मजकूर अजून पाठ आहे: ‘ज्या जिवाच्या भरवशावर आपण भरलं घर सोडून जातो, त्या जिवाला घरात जागा नाही, हा कुठला न्याय? राखण करणारा बाहेर भाजतो आणि राखलेली पोती आत सावलीत असतात! आमची एकच मागणी. उद्यापासून कुत्री आत!’ लिहिताना माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. ही गोष्ट तेव्हा मला महत्त्वाची वाटली नाही.

पुढच्या गुरुवारी चार दिवसांची सुट्टी काढून घरी आले आणि पत्रक दाराला चिकटवलं. संध्याकाळी काका शेतातून आले, चष्मा लावून एकेक ओळ वाचत उभे राहिले.

“काहून गं, हे काय लावून ठिवलंस?”

“वाचा ना, काका.”

“वाचलं. कुत्रीची सही दिसत न्हाई कुठं.”

“तिच्या वतीनं मी केली.”

“बरं. अन् आत बसून ती हळद कशी राखंल? भिताडातून बघंल?”

“भुंकेल की! आवाज भिंतीतून जातो.”

“चोराला काय ठावं, भुंकणारी कुत्री कोंडलेली हाय का सुटी हाय?” बाबा मधेच म्हणाले. त्यांना मुद्दा पटला होता. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि दारावरच ‘मान्य’ लिहून सही केली.

आई भाकरी थापता थापता आतून म्हणाली, “भाऊजी, व्हय म्हणून टाका. न्हाई तर उद्या तुमच्या दाराला चिकटवंल.”

काकांनी हात जोडले. मी जिंकले होते.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला मागणीची अंमलबजावणी झाली. आमच्या घरात स्लॅबच्या दोन खोल्या आहेत. एकीत वाळलेल्या हळदीची पोती होती. दुसरं स्वयंपाकघर, तिथं आईचा साफ नकार. राहिली समोरची पत्र्याची खोली. तिच्यात एक कॉट, खुंटीवरचे कपडे आणि बाबांची पत्रकांची पेटी. मी पाण्याचं भांडं ठेवलं. खिडकीच्या लाकडी झडपा लावून घेतल्या, नाहीतर ती उडी मारून बाहेर गेली असती. आणि तिला बसायला गोधडी अंथरली. गोधडी! एप्रिल महिन्यात! पण मला तिचा मान राखायचा होता. दार लावून कडी घातली आणि ताठ मानेनं शेतात गेले.

दिवसभर हळदीचे कंद गोळा करताना काका चिडवत होते. “तुझी कुत्री आता कॉटवर लोळून राहिली असंल. उद्या चहा मागंल.”

“मागू द्या. मी देईन.”

चार वाजता घरी आलो. फाटकातच आई थांबली आणि म्हणाली, “अगं माय!”

अंगणात दोन ठिकाणी हळद होती. अर्ध्याहून जास्त अंगणभर पसरलेली, दहा-बारा दिवस वाळून खडखडीत झालेली. आणि एका कडेला आदल्या दिवशी शिजवलेल्या हळदीचा ओला ढीग, गोणपाटाखाली निवत ठेवलेला. आता गोणपाट फाटकापाशी होतं. ढिगाला मधोमध हातभर खोल खड्डा पडला होता. मागच्या पायांनी उकरून उडवलेली सगळी ओली हळद सुक्या हळदीवर पडून तिच्यात मिसळली होती. आणि खड्ड्यात, अंगाखाली गारवा घेऊन, आमची कुत्री झोपली होती. वाटेत ती हळद शिजवलेल्या पाण्याच्या डबक्यातही लोळून आली असावी. तांबूस कुत्री कानापासून शेपटीपर्यंत पिवळी झाली होती. हळद लागलेल्या नवरीसारखी ती उठली, अंग झटकलं, आणि आम्हा चौघांवर शिंतोडे उडवून काकांच्या पायावर येऊन बसली.

मला हसू आलं. दुसऱ्या कुणालाच आलं नाही, म्हणून मी ते गिळलं. ओली आणि सुकी हळद एकत्र झाली की सुकीला पाणी सुटतं, बुरशी धरते. एकेक कांडी हातानं निवडावी लागते.

मग खोली पाहिली. खिडकीची एक झडप खालून मोडली होती, ती तिथून निसटली होती. दाराच्या लाकडावर खालच्या बाजूला नखांचे ओरखडे. पेटीचं झाकण उघडं, आणि सगळ्या खोलीभर बाबांच्या तीस वर्षांच्या पत्रकांचे तुकडे. बाबा खाली बसले. एक तुकडा उचलला, उजेडात धरला, दुसरा उचलला.

“जन्मभर वाटली,” ते म्हणाले, “पण इतकं मनापासून कुणी घेतलं नव्हतं.”

काका मात्र हसले नाहीत. पायावर बसलेल्या कुत्रीला बाजूला सारून ते सरळ उभे राहिले. “सोमवारी मी वारंगा फाट्याला चाललो, ढोलाचं सामान आणायला. हिला घेऊन जातो. जिथून आणली तिथं सोडतो.”

“काका!”

“बाहेर बांधली तर तू पत्रक लावतीस. आत कोंडली तर हे असं. मंग ठिवायची कुठं? माझ्या डोक्यावर?”

“भाऊजी, रागात हाय तुमी,” आई म्हणाली.

“रागात न्हाई, वैनी. थकलोय.”

ते खरं होतं, म्हणून त्यांच्याशी भांडताही येईना. वारंगा फाटा म्हणजे चहूकडून येणारे ट्रक, न थांबणाऱ्या बस. तिथून एकदा एक पिल्लू वाचलं होतं. मोठी झालेली, माणसाच्या पायावर बसायची सवय असलेली कुत्री तिथं किती दिवस टिकली असती? आणि तिला तिथं पाठवणारं पत्रक माझं होतं.

शनिवारी शेतात कुणीच गेलं नाही. आम्ही चौघं अंगणात बसून हळद निवडत होतो. ओली एका टोपलीत, सुकी दुसऱ्या टोपलीत. कुत्री मोकळी होती, पण काकांनी तिच्याकडे पाहणं बंद केलं होतं. ती दोनदा त्यांच्या पायावर बसायला आली, दोनदा त्यांनी पाय काढून घेतला. मी मनातल्या मनात नवं पत्रक जुळवत होते. सुरुवातही सुचली होती.

“एक विचारू का?” आई मान वर न करता म्हणाली.

“विचार.”

“त्या पत्र्याच्या खोलीत तू कधी दुपारी बसलीस?”

मी आठवायला लागले.

“आठवू नगस. न्हाई बसलीस. आमी कुणीच बसत न्हाई. चैत लागला की दहाच्या आत त्या खोलीतून उठतो, अन् दिवे लागल्याशिवाय पुन्ना जात न्हाई. तुझे बाबा उठतात, मी उठते, मांजर बी उठते. तू मातर दाराला कडी लावून लेकराला आत ठिवलंस.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तू कुठं इचारलंस? तू तर चिकटवलंस.”

माझ्या हातातली ओली कांडी सुक्याच्या टोपलीत पडली. आईनं ती उचलून जागेवर टाकली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, भर दुपारी बारा वाजता मी त्या खोलीत गेले आणि आईला बाहेरून कडी लावायला सांगितली. झडपा बंद. खाली तीच गोधडी. मोबाइल बाहेर ठेवला, कारण कुत्रीकडे मोबाइल नव्हता.

पहिली दोन-तीन मिनिटं मी विचार केला. मग विचार थांबले. पत्रा तापून खिळ्यांपाशी टक् टक् वाजत होता. वरून कुणी गरम तवा पालथा धरावा तशी धग डोक्यावर उतरत होती. गोधडी मी पायानं लांब ढकलली. भांड्यातलं पाणी प्यायले, ते चहाएवढं कोमट झालं होतं. कॉटखाली शिरून पाहिलं, तिथंही तेच. मग मी जमिनीवर आडवी झाले आणि सरकत सरकत दारापाशी गेले, कारण दाराच्या फटीतून बोटभर वारा येत होता. नाक त्या फटीला लावलं. डोळ्यांपुढं, अगदी वीतभर अंतरावर, तिच्या नखांचे ओरखडे होते. सगळे तिथंच, त्या फटीच्या वर. ती दार फोडत नव्हती. फट मोठी करत होती.

मी दार बडवलं. आईनं लगेच उघडलं, बहुतेक ती तिथंच उभी होती. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

तांब्याभर पाणी पिऊन मी तशीच अंगणात गेले आणि मेखेपाशी जमिनीवर बसले. आता हेही बघायचं होतं. रस्त्यानं जाणारी शेजारची आत्या कुंपणावरून डोकावली. “काय गं, नवस फेडून राहिली का?”

“कुत्रीची जागा बघून राहिले, आत्या.”

“शिकायला पाठवू नये म्हणतात ते काही खोटं न्हाई,” असं म्हणत ती गेली.

काका त्यांच्या ओसरीतून हे पाहत होते. हळूहळू बाहेर आले. “झालं का बाई नाटक?”

“काका, तुमी बसा.”

“काय?”

“कुत्री चार वर्षं इथं बसली. तुमी थोडा वेळ बसा. मग सोमवारी तिला खुशाल न्या, मी आडवी येणार नाही.”

“मी जन्म काढला उन्हात, पोरी. मला काय उन्हाचं सांगतीस?”

“शेतात तुमी चालता. बांधावर जाता, लिंबाखाली टेकता, वाटलं तर विहिरीवर जाता. इथं फक्त ही साखळी पोचंल तेवढं हलायचं.”

काका असल्या आव्हानाला नाही म्हणूच शकत नाहीत. बैलपोळ्याला कुणी म्हटलं म्हणून एका बैठकीत सव्वीस पुरणपोळ्या खाऊन पुढचे दोन दिवस आडवा पडलेला हा माणूस आहे. त्यांनी टोपी सारखी केली आणि मेखेपाशी मांडी घातली. बाबा बाहेर आले. आईही चाळणी घेऊन दारात आली. चाळायचं काही नव्हतं.

काका बसले. टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. खालची जमीन पोळायला लागली तसे उकिडवे झाले. थोड्या वेळानं इकडेतिकडे पाहत, काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं, डाव्या हाताला कडुलिंबाच्या सावलीकडे सरकायला लागले. दोन हात. चार हात.

“काका,” मी म्हणाले, “साखळी संपली.”

बाबा फस्सकन हसले. आईनं चाळणी तोंडापुढं धरली. काका मागं सरकले आणि दात आवळून बसून राहिले. आता हट्टाला पेटले होते.

तेवढ्यात घराच्या बाजूनं कुत्री आली. पोट ओलं, अंगाला चिखल, पिवळेपणा अजून गेलेला नाही. तिनं काकांकडे पाहिलं, मेखेकडे पाहिलं. ती त्या जागेला चांगली ओळखत होती. येऊ नये ते तिला कळत होतं. तरी ती उन्हातून चालत आली, काकांच्या पोळलेल्या पायावर बसली आणि जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागली.

काकांनी या वेळी पाय काढून घेतला नाही. थोडा वेळ दोघं तसेच बसले. मग काका म्हणाले, “ऊठ बाई. तुला काय अक्कल हाय का? मी येडा हाय म्हणून तू बी येडी व्हशील?” आणि तिला उचलून घेऊनच उठले.

“हिचं अंग ओलं कसं?” ते म्हणाले. “दिवसभर कुठं असती ही?”

दोन दिवस ती मोकळी होती, आणि आमच्यापैकी एकानंही तिच्या मागं जाऊन पाहिलं नव्हतं. आता चौघंही गेलो. घराच्या बाजूला पडवी आहे. तिच्यात पाण्याचा रांजण, त्यातून पाझरून खालची माती कायम ओली, वर लिंबाची सावली, आणि दोन्ही बाजूंनी उघडं असल्यामुळे वारा. त्या ओल्या मातीत कुत्रीच्या अंगाच्या मापाचा गोल खळगा होता. काका त्या खळग्यापाशी वाकले, गुडघ्यांवर हात ठेवून समोर पाहिलं आणि म्हणाले, “अरे! इथनं फाटक दिसतं की बराबर. हळद बी दिसती.”

ती तिची जागा होती. सावली, गारवा, वारा आणि राखण, सगळं तिनं कुणाला न विचारता जमवलं होतं. आम्ही शिकलेल्या-सवरलेल्यांनी तिला एकदा मेखेशी बांधलं आणि एकदा पत्र्याखाली कोंडलं.

संध्याकाळपर्यंत काकांनी पडवीच्या खांबापासून फाटकाजवळच्या खांबापर्यंत जाड तार ओढली आणि साखळीची कडी तिच्यात ओवली. आता ती तारेवरून सरसर सरकत फाटकापर्यंत जाऊन भुंकू शकत होती आणि परत रांजणापाशी येऊ शकत होती. तिनं दोन फेऱ्या मारल्या. तार किणकिणली. काका असे उभे होते, जणू त्यांनी पूलच बांधलाय.

सोमवारी सकाळी ते फाट्याला निघाले, तेव्हा मी फाटकापाशी उभी होते. त्यांनी गाडी सुरू केली, कुत्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “ती इथं ऱ्हाईल,” ते म्हणाले. “पण तुझ्या पत्रकामुळं न्हाई. समजलं?”

“समजलं, काका.”

दुपारी परतले ते ढोलाचं सामान आणि मातीचं एक जाडजूड परळ घेऊन. उपडं पडू नये म्हणून ते रांजणाशेजारी जमिनीत अर्धं पुरलं आणि पाण्यानं भरलं. “हॉटेलवाल्यानं फुकट दिलं,” असं त्यांनी सांगितलं. त्यावर आईनं विचारलं, “कोणत्या हॉटेलात मातीच्या परळात चहा देतात, भाऊजी?” काकांना ऐकू आलं नाही.

दारावरचं पत्रक मी ओल्या फडक्यानं पुसून काढलं. बाबांची ‘मान्य’ची सही लाकडाला चिकटून राहिली, ती अजून आहे.

तेव्हापासून लोक मला विचारतात, कारण ही गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे आणि माझ्यावर हसायला ती फार सोयीची आहे: मग शेवटी काय, कुत्रं आत ठेवायचं की बाहेर? मी सांगते, कोणत्या घरात, कोणत्या महिन्यात? मुसळधार पावसात आणि दिवाळीच्या फटाक्यांत आमची कुत्री आतच असते, आईच्या स्वयंपाकघरात, आईनं ‘फक्त आजच्या दिवस’ म्हणून दिलेल्या परवानगीवर. उन्हाळ्यात ती पडवीत असते. भिंतीनं सुरक्षितता येत नाही आणि मोकळ्या आभाळानं स्वातंत्र्य येत नाही. बाल्कनीत बांधून ‘त्याला बाहेरचं बघायला आवडतं’ म्हणणाऱ्यांवर मला तेवढाच राग येतो, जेवढा मेख ठोकणाऱ्यांवर यायचा. आणि खिडक्या लावून, दार ओढून ‘आमचं कुत्रं घरात राजासारखं असतं’ म्हणणाऱ्यांवर तर अधिकच. कारण ते वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे, गोधडी अंथरून.

म्हणून, शेवटी एकच मागणी. ही कुठं चिकटवू नका आणि खाली सहीही करू नका. येत्या सुट्टीच्या दिवशी, तुम्ही एरवी घरी नसता त्या वेळी, भर दुपारी, तुमचं कुत्रं जिथं असतं तिथं जाऊन बसा. ते तिथं असताना दार बंद असतं, तर बंद करा. पंखा बंद असतो तर बंद ठेवा. त्याचं पाणी जितका वेळ तिथं असतं, तितकाच वेळ त्याच्या भांड्याशेजारी ठेवलेलं पाणी प्या. साखळी असेल तर ती पोचते तेवढंच हला. मोबाइल बाहेर ठेवा. पंधरा मिनिटं पुरे आहेत. तिथून उठावंसं वाटलं की जिकडे जावंसं वाटेल तिकडे पाहा, आणि कुत्र्याची जागा त्या दिशेला हलवा. त्याच दिवशी हलवा.